सातवा मणका

स्कूटरवरून आणली तिला.
उस्ताद पुढे, भाऊ मागे, मधे ती,
बडा गणपतीपासून पलासियापर्यंत
आणि रस्त्यात जेवढे खड्डे तेवढे सगळे.
मी दारातच ओरडलो, तेही हिंदीत.
इंदूरचे आम्ही मराठी, रागावतो हिंदीतच.

मान हलवू नकोस, म्हटलं.
हलवतेय कुठे, म्हणाली, आणि हसली.
रितिका खडके, वय चौदा, वजन त्रेपन्न,
कानाच्या पाळीमागे आखाड्याची माती,
हळदीची, तेलाची, वाळून तडकलेली.
ढाक लावायला गेली,
समोरची निसटून वर आली,
ही खाली, डोक्यावर.
"लचक है," उस्ताद म्हणाले, "मालिश से उतर जाती.
आप बस लिख दो. सोमवार को ट्रायल है."

चौघांनी उचलली, एका आकड्यावर,
जशी काच उचलतात दुकानाची.
गळ्यात काळा गंडा, त्याला पितळी पेटी,
उस्तादांनीच बांधलेला.
पेटी फोटोत नेमकी मणक्यावर येणार,
डोक्यावरून काढायचा तर मान वाकणार.
मी कात्री घेतली.
उस्तादांनी तोंड फिरवलं भिंतीकडे,
"गर्भवती महिलांनी आधी सांगावे"
ही पाटी ते बराच वेळ वाचत राहिले.

बाजूने पहिला फोटो. मणके सहाच.
सातवा खांद्यांमागे.
पैलवानांचं हे नेहमीचंच,
चार वर्षं दूध-बदाम खाऊन कमावलेले खांदे
असे आड येतात.
एक हात वर घे, एक खाली, पोहल्यासारखा.
मला पोहता येत नाही, म्हणाली.
आज पोह.
आला सातवा, ओळीत.
मग तोंड उघड, आ कर, अजून,
दातांच्या फटीतून दिसतो
दुसऱ्या मणक्याचा दात.
तोही शाबूत.

"देखा?" उस्ताद म्हणाले.

चोवीस वर्षं हाडांचे फोटो काढतोय.
पोरांची हाडं खोटं बोलत नाहीत,
पण सगळं सांगतही नाहीत.
ओल्या फांदीसारखी वाकतात, परत जागेवर येतात,
आतली दोरी तेवढी चेपून.

फणसळकर बाईंनी पडद्याकडे एकदाच पाहिलं,
मग तिच्या बोटांकडे.
मुंग्या आल्या होत्या? नाही.
दोन्ही हातांना? नाही म्हटलं ना.
बाईंनी कापलेला गंडा तिच्या हातात ठेवला.
ही पेटी उघडून दाखव.

झाकणावरून अंगठा घसरला.
पुन्हा घसरला.
तिने नखं निरखली,
जणू नखंच वाढलीत.
मग छताकडे बघत म्हणाली,
"उजव्याला कमी झाल्यात. डाव्याला आहेत.
पडल्यावर थोडा वेळ
हात माझे नव्हते."
मग आधी का नाही सांगितलंस?
"सोमवारी ट्रायल आहे," ती म्हणाली,
अगदी त्यांच्याच आवाजात.

बोगद्याच्या मशीनमध्ये चाळीस मिनिटं.
पाचव्या मणक्याच्या पातळीवर, मज्जारज्जूत,
तांदळाच्या कणीएवढं पांढुरकं काहीतरी.
बाई म्हणाल्या, सूज आहे, ओसरेल बहुतेक.
त्या "बहुतेक"पाशी भाऊ थांबला,
बाकीचं त्याने ऐकलं नसावं.

उस्ताद जिन्यावर बसले होते.
"गाड़ी पे नहीं लाना था," एवढंच म्हणाले.
माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं.
चहा दिला त्यांना.

सोमवारी ट्रायल झाली असेल.
मी काढले दोन गुडघे, एक कोपर,
एका आजोबांची छाती.

गंडा माझ्या खणात आहे, लिफाफ्यात, वर तिचा नंबर.
काही आठवड्यांनी येईल ती,
हळूहळू खाली बघ, आता वर, या फोटोंसाठी.
तेव्हा देईन.
मला तसली गाठ मारता येत नाही.
ज्याने बांधला त्याने बांधावा,
किंवा तिने स्वतः, दोन्ही हातांनी,
मला बघायचंय.